बर्फ वितळण्याआधी रिठदच्या पुढे

लढाई संपून वर्ष झालं होतं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि वाशीमच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. माझ्या हाताखालची गावं चहूकडे पसरलेली, आणि पावसाळ्यात त्यांतल्या निम्म्याअधिक गावांना बैलगाडीशिवाय जाता येत नसे. बैलगाडीही मधेच रुतून बसे, ती गोष्ट वेगळी.

म्हणून मी मोटारसायकल घेतली. लष्कराने विकायला काढलेल्या सामानात ती अकोल्याला आली होती. इतकी लहान की माझ्या एका सहकाऱ्याने तिला पाहून विचारलं, "मोठी झाल्यावर किती होईल ही?" विकणारा सांगत होता की ही गाडी शिपायांबरोबर विमानातून छत्रीने खाली सोडायची म्हणून बनवली आहे. खरं खोटं तो जाणे. पण वजन एवढं कमी की दोन माणसं तिला उचलून नाला पार करवू शकत. पुढच्या चाकाला स्प्रिंगच्या जागी जाड रबरी कड्या होत्या. मागच्या टायरवरची नक्षी झिजून तळव्यासारखी गुळगुळीत झाली होती. ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

भादव्याच्या सुरुवातीला रिठदच्या पुढच्या एका गावातून माणूस आला. दोन गाई डोळ्यांतून पाणी गाळून राहिल्या, तोंडात फोड आलेत, पातळ हगवण लागली आहे, असं त्याने सांगितलं. मी पुढचं ऐकलंच नाही. बुळकांडी होती. एकदा ती गावात शिरली की गोठेच्या गोठे ओस पडत. आजारी जनावराला औषध नव्हतं. जे अजून धडधाकट आहेत त्यांना लस टोचायची, एवढाच उपाय. आणि गुरं रिठदपर्यंत हाकून आणा असंही सांगता येत नव्हतं, कारण त्याबरोबर रोगही रिठदला आला असता. लस गावातच न्यायला हवी होती.

ती लस फार नाजूक. काचेच्या बारीक कुप्यांमध्ये वाळवलेली पूड असे. बर्फात ठेवली तरच जगे. बर्फ अकोल्याहून सकाळच्या गाडीने भुशात आणि गोणपाटात गुंडाळून यायचा. तो फोडून थर्मासमध्ये भरायचा, त्यात कुप्या ठेवायच्या आणि निघायचं. थर्मास लहान, हवा दमट. बर्फ जेमतेम दुपारपर्यंत टिकायचा. बैलगाडीने त्या गावाला पोचायला संध्याकाळ झाली असती, म्हणून मी मोटारसायकलवर निघालो.

रिठदपर्यंत मुरमाचा रस्ता होता. तिथवर मी मजेत गेलो. पुढे तीन कोस काळी माती. पहिल्याच शेतापाशी मागचं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं. गाडी पुढे जाईना, नुसता चिखल पाठीवर उडे. खाली उतरून ढकलली तर पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या पंख्यात माती इतकी गच्च बसली की चाक फिरणंच थांबलं. काडीने माती उकरायची, पंधरावीस पावलं ढकलायचं, परत उकरायची. मी आडवा पडलो दोनदा. गावात शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

गावकऱ्यांनी जनावरं बांधून ठेवली होती. सगळ्यांत पुढे एक चाळिशीचा शेतकरी आपली पांढरी जोडी धरून उभा होता. दोन्ही बैल उंच, तकतकीत, शिंगांना तेल लावलेलं. मी थर्मास उघडला. आत पाणी होतं, आणि त्यात बोट घातलं तर ते कोमट लागलं.

"काय झालं डॉक्टर?" त्याने विचारलं.

"लस मेली," मी म्हणालो. "आता टोचून उपयोग नाही."

"म्हणजे? सुई तं हाये ना?"

"सुई आहे. पण सुईत जे घालायचं ते खराब झालं."

"सकाळपासून बांधून ठेवलेत. चाराबी नाई टाकला, तुमीच सांगितलं होतं म्हून. आता आले तं टोचून टाका ना."

मागून कुणीतरी हसलं. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते लपवत नाही. टोचून टाकावं. पाणी टोचलं तरी जनावराला अपाय होणार नव्हता आणि माझी लाज राखली गेली असती. लोक समाधानाने घरी गेले असते. मी थर्मास बांधावर उपडा केला आणि कुप्या दगडाने फोडल्या.

"नवी लस यायला दोन आठवडे लागतील," मी सांगितलं. "आजारी गुरं वेगळी बांधा. त्यांचं पाणी वेगळं ठेवा. मी परत येतो."

तो शेतकरी बैलांची दावी सोडून त्यांना घेऊन गेला. मी गाडी ढकलत रिठदला आलो. येताना तीन कोसभर माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. दोन आठवड्यांनी मी त्या गावात अकराच्या आत पोचणार होतो.

वाशीमला बाजाराच्या कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. लढाईच्या काळात तो लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायला पुण्याकडे जाऊन आला होता. टायर तेव्हा परवान्यावर मिळत आणि परवाना हाती आला तरी माल नसे. पण या मिस्त्रीकडे माळ्यावर तीन टायर पडलेले होते. एक उभ्या पन्हळी असलेला, जवळजवळ नवा. दोन लष्करी, त्यांच्या अंगावर बोटभर उंचीचे रबराचे ठोकळे. मी ठोकळ्यांच्या टायरांवर हात ठेवला.

"हे दोन्ही द्या," मी म्हणालो. "चिखलात हेच चालतील."

मिस्त्रीने माझा हात बाजूला सारला. "डॉक्टरसाहेब, टायर दुकानात पाहून नाई घेत. पह्यले रस्ता सांगा."

"रिठदच्या पुढचा."

"ते गाव झालं. रस्ता सांगा. काळी किती, मुरूम किती? गोटा हाये का? काटा हाये का? पाणी कुठं लागते, अन् किती?"

त्या रस्त्यावरून मी एक अख्खा दिवस गाडी ढकलली होती, पण मला फक्त चिखल आठवत होता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मंग जाऊन पाहून या. टायर कुठं जाऊन नाई राह्यले."

मला राग आला होता. तरी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातलं काम आटोपून मी रिठदला गेलो. गाडी एका ओळखीच्या घरी ठेवली आणि पुढे चालत निघालो. खिशात वही होती.

गाडीवाट सोडून कुठे कोरडी जागा दिसते का, हे पाहत मी एका शेतात शिरलो. समोरून एक बाई येत होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावर वांग्या-मिरच्यांची टोपली. गावाजवळच्या नाल्याकाठी तिचा भाजीचा मळा होता हे पुढे कळलं. मला चिखलात उभं पाहून ती थांबली.

"तुमी तेच ना, लस मेली ते डॉक्टर?"

"हो मावशी. तोच मी."

"मंग इथं तुरीत काय शोधून राह्यले?"

"वाट शोधतोय. गाडी जाईल अशी."

तिने डोक्यावरची टोपली उतरवून बांधावर ठेवली आणि पदराने कपाळ पुसलं. "गाडीवाटेनं कायले गेलते? ते तं बैलायची वाट हाये. बैल चिखल तुडवत जाते, त्याले काय. मी दर बाजाराले रिसोडाले जातो डोक्यावर ओझं घेऊन. मी त्या वाटेनं गेली असती तं अर्धी वांगी खाली पडली असती."

"मग तुम्ही कुठून जाता?"

"चला, दाखवतो. पन तुमाले चालता येईन का?"

त्या दिवशी मावशी रिठदला भाजी विकायला निघाली होती, ती माघारी फिरली आणि माझ्यापुढे चालू लागली. मी टोपली घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या. तुमाले खाली पाहायचं हाये." आणि खरंच मी सगळी वाट खाली पाहत गेलो. आधी टेकाडाची बरड होती. तिथे माती नव्हतीच, सुटे गोटे होते. पावसाचं पाणी थांबत नसल्यामुळे पाय घसरत नव्हता, पण गोट्यावरून चाक कसं वळेल याची मला धास्ती वाटली. बरडीखाली नाला लागला. गाडीवाट जिथे नाला ओलांडते तिथे कमरेइतका गाळ होता. मावशी मला तिथून वर घेऊन गेली. एका वळणावर पाण्याखाली सपाट खडक होता आणि पाणी पोटरीपर्यंतच. पलीकडे दोन शेतांमधला धुरा, त्यावर गवत. आणि शेवटी बाभळीचं रान.

"इथं जपून," ती म्हणाली. "इथं वहाणबी टिकत नाई."

बाभळीनंतर फक्त दोन शेतं काळी राहिली. ती टाळता येत नव्हती. पावलं मोजून मी वहीत लिहिलं.

पुढच्या तीन दिवसांत मी ती वाट पुन्हा दोनदा चाललो, एकदा जाताना आणि एकदा येताना, कारण चढ आणि उतार उलटे झाले की वाट वेगळी होते. मग मिस्त्रीकडे जाऊन वही उघडली. बरड इतकी, पाणी इतकं, गवत, काटा, काळी. तो बोटांवर मोजत ऐकत होता.

"आता समजलं," तो म्हणाला. "ठोकळ्यायचा मागं. फक्त मागं. ते ढकलन. पुढं पन्हळीवाला, ते गोट्यावर सरळ राहीन. पुढं ठोकळे लावले असते तं गोट्यावर डुगडुगले असते, अन् काळीत मातीचे लाडू झाले असते."

मग त्याने पुढच्या चाकाचा पंखा वर उचलून चार बोटांची जागा केली, म्हणजे माती अडकणार नाही. मागचा टायर थोडा रुंद निघाला आणि साखळीच्या पत्र्याला घासू लागला, तर त्याने पत्राच कापून टाकला. काट्यांसाठी त्याने एक जुना सायकलचा टायर उभा चिरला, त्याच्या कडा कापल्या आणि तो पट्टा ट्यूब आणि टायरच्या मधे बसवला. दोन्ही चाकांना.

"काटा टायर फोडून आत आला तरी या पट्ट्याशी थांबते," तो म्हणाला.

लस येण्याआधी, बर्फ गावापर्यंत टिकतो का हे पाहायला, मी फक्त बर्फ घेऊन जायचं ठरवलं. थर्मासमध्ये बर्फ भरला, घड्याळ पाहिलं आणि निघालो. बरडीवर पन्हळीवाला टायर खरंच सरळ राहिला. नाल्याच्या खडकावर इंजिन बंद पडलं नाही. शेवटच्या काळीत मात्र मागचं चाक पुन्हा फिरू लागलं. टायर नरम असला की जास्त पकडतो हे मी कुठेतरी ऐकलं होतं. उतरून मागच्या चाकातली हवा सोडली, सोडतच गेलो. चाकाने पकड घेतली आणि मी पन्नास पावलं झपाट्याने गेलो. मग फस्स असा आवाज आला आणि गाडी बसली. टायर चाकावर सरकला होता आणि त्याने ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून उपटला होता.

मी त्या काळ्या शेतात खाली बसलो. समोर गाव दिसत होतं. एका परसात कुणी तरी खड्डा खणत होतं आणि बाजूला काहीतरी पांढरं पडलं होतं. गाडी तिथेच सोडून मी जवळ गेलो. तो जोडीवाला शेतकरी होता. त्याचा एक बैल गेला होता.

मला पाहून त्याने फावडं थांबवलं नाही. मी शेजारी उभा राहिलो. शेवटी मी म्हणालो, "त्या दिवशी मी वेळेत पोचलो असतो तर..."

"तं काय?" तो म्हणाला. "ते तुमाले माईत, ना मले माईत. सरका थोडं, माती तिकडं टाकायची हाये."

मी कोट काढला आणि दुसरं फावडं घेतलं. तो नको म्हणाला नाही. खड्डा बुजेपर्यंत आम्ही दोघे माती ओढत राहिलो.

बैलगाडीत घालून गाडी वाशीमला आणल्यावर मिस्त्रीने नवी ट्यूब बसवली. हवा किती सोडायची हे त्याने मला अंगठ्याने शिकवलं. टायर दाबला की अंगठ्याचं नख बुडावं, पेर बुडू नये. मी पुन्हा बर्फ घेऊन गेलो. या खेपेला गावाच्या वेशीवर थर्मास हलवून पाहिला. आत बर्फाचे खडे वाजले. साडेदहा झाले होते. गावात न शिरता मी तसाच परत फिरलो.

लस आली त्या दिवशी बर्फ घेऊन येणारी गाडी उशिरा आली. मी फलाटावर उभ्याउभ्या बर्फ फोडला, कुप्या ठेवल्या आणि निघालो. रिठदला पाणी प्यायलाही थांबलो नाही. बरड, खडक, धुरा. बाभळीच्या रानात गाडीवर उभा राहून चालवली, कारण बसलं की वजन मागच्या चाकावर पडतं. काळी लागण्याआधी हवा सोडली, नख बुडेपर्यंत. चाकाने माती मागे फेकली आणि गाडी गेली. पावणेबाराला मी पारावर होतो. अकराचा माझा बेत फसला होता, पण बर्फ होता.

पाराजवळ गुरं कमी होती. मधल्या दिवसांत नऊ जनावरं गेली होती आणि लोकांचा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. लस टोचली की ताप येतो ही बातमीही कुठून तरी पोचली होती. पाटील स्वतः उभे होते, पण त्यांचीही गुरं गोठ्यातच होती.

"ताप येईल," मी सगळ्यांना सांगितलं. "तीन-चार दिवस. जनावर चारा कमी खाईल, गाय दूध कमी देईल. मग बरं होईल. पण आजारी पडलेल्या जनावराला याचा उपयोग नाही, ते मी टोचणार नाही."

कुणी पुढे येईना. कुपी एकदा पाण्यात कालवली की घटकाभरात वापरावी लागते. मी अजून फोडली नव्हती. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. ती आपली तांबडी गाय ओढत येत होती, आणि गाय यायला तयार नव्हती.

"हिले टोचा," ती म्हणाली.

"मावशी, दूध कमी होईल."

"होऊ द्या. हा माणूस पंधरा दिवस माह्या वाटेनं चालून राह्यला," ती लोकांकडे वळून म्हणाली. "एवढ्या वेळा कोन येते आपल्या गावाले? मेली लस होती तं त्यानं तुमच्यासमोर फोडली. खोटी टोचली असती तं तुमाले कळलं असतं का?"

मी कुपी फोडली. मावशीच्या गाईनंतर आणखी दोघं पुढे आले, मग पाटलांनी गड्याला गोठ्याकडे पाठवलं. दीड वाजेपर्यंत माझे हात थांबले नाहीत. सगळ्यांत शेवटी तो शेतकरी आला, एका बैलाला घेऊन. बराच वेळ तो कुडाला टेकून पाहत होता, हे मला दिसलं होतं.

"एक गेला," तो म्हणाला. "हा एकच राह्यला. तुमच्या हाती देऊ का नाई?"

"हा खात्रीने जगेल असं मी म्हणणार नाही," मी म्हणालो. "त्याला आत रोग लागून गेला असेल तर लस वाचवणार नाही. नसेल लागला, तर वाचवेल."

त्याने बैलाच्या कपाळावर हात ठेवला आणि मान दुसरीकडे फिरवली. मी टोचलं.

त्यानंतर सहा दिवस मी रोज गेलो. कार्यालयाने तसं सांगितलं नव्हतं आणि पेट्रोलची कुपनं संपत आली होती, पण ताप आला की लोक घाबरणार हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मावशीच्या गाईने चारा सोडला. मावशी तिच्याजवळ बसून होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी तं बोलून बसली सगळ्यायसमोर. आता हे मेली तं मले तोंड दाखवाले जागा नाई." गाईला मी तपासलं. ताप होता, पण तोंडात फोड नव्हते, डोळे स्वच्छ होते. तरी मी संध्याकाळपर्यंत गाईजवळ थांबून मग निघालो. बाभळीच्या रानात मागचं चाक पंक्चर झालं. काटा नव्हता, कुणीतरी टाकलेल्या बैलाच्या लोखंडी नालेचा तुकडा होता. तो पट्टाही फोडून गेला होता. मी ट्यूब बाहेर काढली, ठिगळ लावलं आणि अंधार पडायच्या आत रिठदला पोचलो.

पाचव्या दिवशी मावशीच्या गाईने भिजवलेली सरकी खाल्ली. टोचलेल्यांपैकी दोन वासरं गेली, त्यांना रोग आधीच लागलेला असणार. बाकी सगळी उठली. त्या शेतकऱ्याचा बैलही उठला. पण रब्बीच्या पेरणीला जोडी नव्हती. त्याने शेजाऱ्याशी ठरवून घेतलं, एक दिवस याचं शेत आणि एक दिवस त्याचं. सहाव्या दिवशी मी निघालो तेव्हा तो ते एकटं जनावर शेजाऱ्याच्या थोराड बैलाबरोबर जुवाला लावून पाहत होता. दोघांची चाल जुळत नव्हती. त्याने मला हाक मारली नाही, पण जुवाचा एक खांदा धरायला मी गेलो तेव्हा त्याने जागा करून दिली.

थंडी पडल्यावर मला इंझोरीच्या बाजूला काम आलं आणि रिठदकडे जाणं सुटलं. माघ महिन्यात मात्र त्या गावच्या पाटलांची चिठ्ठी आली, पेन्सिलीने लिहिलेली. त्यांच्या पाहुण्यांच्या गावात रोग दिसला होता, आमच्याकडे पुन्हा आलेला नाही, तेव्हा टोचायची राहिलेली गुरं आधीच येऊन टोचून जा, अशी. रोग येण्याआधी बोलावणारं ते माझं पहिलं गाव. मी गेलो तेव्हा वाट कोरडी होती आणि शेतांत तूर उभी होती. पारापाशी सगळ्या गावाची गुरं बांधलेली होती. मावशी बाजाराला रिसोडला गेली होती. आधीच टोचलेली असूनही तिची तांबडी गाय तिच्या सुनेने आणली होती.